साहेब, एकदा वजनकाट्यावर या

माननीय लोकनेते, कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी श्री. साहेब यांच्या सेवेशी,



पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. आपण या शहरासाठी इतकं करता आणि आम्ही मुंबईकर लोकलच्या गर्दीत, पाण्याच्या वेळेत आणि पोरांच्या शाळेत असे अडकलेले असतो की दोन ओळी लिहायलाही सवड होत नाही. आज काढली.

आपलं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपण एक नाही आहात. दर काही वर्षांनी आपला पक्ष बदलतो, उपरण्याचा रंग बदलतो, मागं उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांचे चेहरे बदलतात, पण आपण बदलत नाही. तेव्हा हे पत्र ज्या साहेबांना लागू पडेल, त्यांनी ते आपलंच समजून वाचावं.

पहिले आभार महालक्ष्मीच्या जमिनीबद्दल. १८८३ साली शर्यती भायखळा सोडून या सखल, मोकळ्या जागी आल्या आणि मेलबर्नच्या कॉलफिल्ड मैदानाच्या धर्तीवर इथं रेसकोर्स उभं राहिलं. जमीन सरकारची आणि महापालिकेची, वहिवाट रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची. त्या क्लबचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला. त्यानंतर या हिरव्या लंबवर्तुळाकडे पाहून प्रत्येक पक्षातल्या साहेबांना स्वप्नं पडू लागली. कुणाला थीम पार्क दिसलं, कुणाला उद्यान दिसलं. अखेर जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं वाटणी केली. १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे, ९१ एकर क्लबकडे, तीही २०५३ पर्यंतच्या भाडेपट्ट्यानं. सागरी किनारा रस्त्यालगतची भरावाची सुमारे १७५ एकर जमीन या १२० एकरांना जोडायची आणि सगळं मिळून तीनशे एकरांच्या आसपास उद्यान करायचं, असं आपण जाहीर केलंत.

उद्यान होणार असेल तर मला ते हवं आहे, हे आधीच सांगून टाकतो. रेसकोर्सच्या आतल्या वाटेवर सकाळी चालणाऱ्यांपैकी मी एक आहे. क्लबनं ही वाट आम्हाला सकाळ-संध्याकाळ फुकट वापरू दिली, याबद्दल मी क्लबचा ऋणी आहे. पण शहराच्या जमिनीवर शहरातल्या माणसानं कुणाच्या तरी मेहेरबानीनं चालावं, हे मला कधीच रुचलेलं नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर पडते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तेवढ्या जागेत सतरंजी नीट पसरत नाही. म्हणून १२० एकर लोकांसाठी खुले होणार ही बातमी वाचली तेव्हा मला खरोखर आनंद झाला. आनंद झाला म्हणूनच पुढचं सगळं विचारतो आहे.

दुसरे आभार मतदानाचा त्रास वाचवल्याबद्दल. हा तपशील मी माझ्या इमारतीतल्या सगळ्यांना सांगितला आणि कुणालाच तो आधी माहीत नव्हता, म्हणून इथं सविस्तर लिहितो. या वाटणीवर मत घेतलं गेलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये टर्फ क्लबच्या सभासदांनी मतदान केलं. ७०८ मतं पडली, त्यांतली ५४० प्रस्तावाच्या बाजूनं. म्हणजे ७६ टक्के. क्लबनं आपल्या सभासदांना विचारलं, मोजलं, आकडा सांगितला. क्लबचं चुकलं असं कोण म्हणेल? सभासदांचा हक्क होता, त्यांनी बजावला.

आता आमच्याकडे या. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं या शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. २२७ खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रशासक कारभार पाहत होते. २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी २४ लाख लोकसंख्या असलेल्या शहरातली एवढी मोठी मोकळी जागा कुणाकडे किती जाणार हे ठरलं, तेव्हा माझ्या प्रभागातून सभागृहात उभं राहून एक प्रश्न विचारणारा माणूस नव्हता. आमदार होते, मंत्रिमंडळ होतं, हे मान्य. पण गटाराचं झाकण फुटलं तर ज्याच्या दारावर थाप मारता येते, तो माणूस नव्हता. घोडे पाळणाऱ्यांना मत होतं आणि त्याच मैदानाची हवा खाणाऱ्यांना नव्हतं, ही व्यवस्था आपण इतक्या शांतपणे पार पाडलीत की आम्हाला ओरडायचंही सुचलं नाही. त्याबद्दल आभार मानायला शब्द अपुरे आहेत.

तिसरे आभार आपल्या आश्वासनांबद्दल. या जागेवर कायमस्वरूपी बांधकाम होणार नाही, असं आपण सांगितलंत. मग जमिनीखाली वाहनतळ, जमिनीखाली क्रीडासंकुल, अशाही गोष्टी कानावर आल्या. साहेब, ही सखल जमीन आहे. पावसाळ्यात ती पाणी पिते. वर चार हात माती टाकून हिरवळ लावली आणि खाली काँक्रीटची पेटी पुरली, तर ते पाणी वरळीला जाईल, लोअर परळला जाईल, हाजीअलीच्या चौकात उभं राहील. हे सांगायला अभियंता लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी ज्यानं गळ्याएवढ्या पाण्यातून घर गाठलं, त्या कुणालाही हे कळतं.

आणि आश्वासनांचं म्हणाल तर या रेसकोर्सच्या कुंपणाला लागूनच आमचं जुनं दुखणं आहे. गिरण्यांची जमीन. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, पण गिरण्या संपल्या. जमीन उरली, सहाशे एकरांच्या घरात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं सांगितलं की मोठ्या गिरण्यांच्या जागेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. लालबाग-परळच्या चाळींत तेव्हा लोक म्हणत होते, नोकरी गेली, निदान पोरांना खेळायला मैदान मिळेल. मग २००१ मध्ये नियमात एक दुरुस्ती आली. वाटणी फक्त त्या जमिनीची, जिच्यावर आधीच काही बांधलेलं नव्हतं. गिरणीची जागा ही शेडनंच भरलेली असते. मोकळं अंगण ते किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती दुरुस्ती कायम ठेवली. आज तिथं मॉल आहेत, काचेचे मनोरे आहेत, आणि मैदान कुठं आहे ते शोधायला गिरणी कामगाराच्या नातवाला दुर्बीण घ्यावी लागेल.

तेव्हा खुर्चीवर दुसरे साहेब होते, हे खरं. त्यांनीही हात जोडले होते. म्हणून आपण ‘उद्यान’ म्हणालात की माझ्या पिढीचा माणूस आधी नियमाच्या तळटिपा वाचतो. हा अविश्वास आम्ही जन्मतः घेऊन आलेलो नाही. तो आपल्याच कार्यालयांतून आम्हाला मिळालेला आहे.

चौथे आभार न्यूयॉर्क दाखवल्याबद्दल. आपण या उद्यानाला सेंट्रल पार्क म्हणता. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं आहे, आपलं त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. पण एकरांवरून मी भांडणार नाही, मुंबईला तीनशे एकर म्हणजे सोनं. मला त्या उद्यानाच्या दोन गोष्टी आपल्याला सांगायच्या आहेत. पहिली ही की, त्याचा आराखडा खुल्या स्पर्धेतून निवडला गेला. ३३ प्रवेशिका आल्या होत्या. ओल्मस्टेड आणि वॉक्स या दोघांची योजना १८५८ मध्ये निवडली गेली. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, बहुतांशी कृष्णवर्णीयांची, स्वतःची घरं आणि चर्च असलेली. १८५७ मध्ये ती उठवली गेली आणि पुढं शंभरेक वर्षं तिची कुणी आठवणही काढली नाही. उसनं घ्यायचंच असेल तर पहिली गोष्ट घ्यावी, दुसरी नको.

दुसरी घेतली जाईल अशी मला भीती का वाटते, तेही सांगतो. रेसकोर्स म्हटलं की आपल्याला शर्यत आठवते. पण घोडा शर्यतीच्या दिवशी काही मिनिटंच धावतो. उरलेला सगळा वेळ तो तबेल्यात असतो आणि त्याच्याबरोबर मोतद्दार असतो. पहाटे अंधारात उठून खरारा करणारा, नाल पाहणारा, पायाला हात लावून कुठं गरम लागतंय का ते तपासणारा. घोड्याच्या किमतीपुढं त्याच्या पगाराचा आकडा सांगायची लाज वाटावी. पिढ्यानपिढ्या हे काम करणारी घरं आहेत. तबेले हलवायचे, पाडायचे, नव्यानं बांधायचे अशी चर्चा सुरू झाली की नकाशावर घोड्यांची सोय आधी दाखवली जाते. घोडा महाग आहे, ते समजतं. मोतद्दार कुठं राहणार, त्याची पोरं कुठल्या शाळेत जाणार, हे नकाशाच्या कुठल्या रंगात दाखवलंय, ते आपण मला दाखवून द्यावं. मी आपला जन्मभर ऋणी राहीन.

पाचवे आभार आम्हाला तारे-तारका दाखवल्याबद्दल. याबाबतीत आपण रेसकोर्सच्याही एक पाऊल पुढं आहात. इंडियन डर्बी १९४३ पासून इथं धावते. फेब्रुवारीचा पहिला रविवार, २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे, आयुष्यात एकदाच मिळणारी संधी. आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात काय असतं? टोप्या. कुणी कुठल्या पिसांची टोपी घातली, कोणती नटी कुणाच्या शेजारी बसली. जिंकलेल्या घोड्याचं नाव शोधायला शेवटच्या पानापर्यंत जावं लागतं, जॉकीचं नाव त्याच्याही खाली. १९७९ मध्ये याच धावपट्टीवर पडून कार्ल उमरीगर हा तरुण जॉकी गेला. त्याच्या नावानं आजही करंडक दिला जातो. अर्ध्या टनाच्या जनावरावर रिकिबीत उभं राहून माणूस जीव पणाला लावतो आणि कॅमेरा टोपीकडं वळलेला असतो.

या डर्बीच्या मागं कित्येक वर्षं एका मद्यसम्राटाचं नाव होतं, विजय मल्ल्यांचं. झगमगाट असा की विचारू नये. त्यांच्या विमान कंपनीतले लोक पगारासाठी ताटकळत होते तेव्हाही झगमगाट होता. मार्च २०१६ मध्ये ते देश सोडून गेले. त्यांच्याबरोबर छायाचित्रात उभं राहायला धडपडणाऱ्यांत आपले कितीतरी पक्षबंधू होते. मी त्यांची नावं विचारत नाही. झगमगाटाचा हिशेब कुणी तरी दुसराच भरतो, एवढं त्या विमानातल्या हवाई सुंदरीला आणि मेकॅनिकला विचारलं तरी कळेल.

आपण यातून एकच धडा घेतलात. लोक प्रश्न विचारायला लागले की मंचावर नटनटी आणायची. दहीहंडीला तारका, पुलाच्या उद्घाटनाला तारका, नवरात्रात तारका. पुढं पुढं आपणच तारा झालात. आपली दाढी, आपला कुर्ता, आपली गाडी, आपल्या मुलाचं लग्न, यांवर लोक बोलतात आणि आपल्याला बरं वाटतं. नटाचं ठीक आहे. त्याचा सिनेमा पडला तर माझे तिकिटाचे पैसे बुडतात. आपलं काम पडलं तर पूल पडतो. आपण लोकप्रिय आहात यात वाद नाही, पण आम्ही आपल्याला लोकप्रिय होण्यासाठी निवडलं नव्हतं. रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना आणि मैदान सांभाळण्यासाठी निवडलं होतं.

आता मुख्य विनंती. आपण रेसकोर्सवर पाहुणे म्हणून येता, करंडक देता, हात हलवता आणि जाता. कधी तरी करंडकाच्या आधी अर्धा तास या आणि वजनाच्या खोलीत जाऊन उभे राहा. मी पैसे लावणारा माणूस नाही, पण ती जागा पाहिल्यापासून मला ही शर्यत आवडू लागली.

तिथं काय होतं ते सांगतो. शर्यतीआधी जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो. त्याच्या घोड्यानं किती वजन वाहायचं हे आधी ठरलेलं असतं. जॉकी हलका पडला तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. शर्यत संपली की घामानं निथळणारा जॉकी पुन्हा काट्यावर उभा राहतो. वजन कमी भरलं तर पहिला आलेला घोडाही बाद होऊ शकतो. जिंकलेल्या घोड्याचा नमुना उत्तेजकांच्या तपासणीसाठी घेतला जातो. एखाद्यानं दुसऱ्याचा रस्ता अडवला असेल तर हरकत घेता येते, आणि चित्रफीत पाहून निकाल फिरवता येतो. जॉकीनं घोडा मनापासून हाकला नाही असं वाटलं तर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, त्याला समोर बोलावून विचारतात, उत्तर पटलं नाही तर त्याला घरी बसवतात. हे सगळं आटोपून निकाल पक्का झाल्याशिवाय पैजेच्या खिडकीवर एक रुपया कुणाला मिळत नाही.

आणि सर्वांत सुंदर नियम हँडिकॅप शर्यतींचा आहे. जो घोडा जिंकतो, त्याचं मानांकन वाढतं आणि पुढच्या वेळी त्याच्या पाठीवर जास्त वजन येतं. जितका मोठा विजेता, तितका मोठा भार. आमच्याकडे आपण जिंकलात की आपल्या पाठीवरचं सगळं उतरवलं जातं. टोल उतरतो, सिग्नल उतरतो, रांग उतरते, चौकशी उतरते. आधीच्या निवडणुकीत काय बोललो होतो तेही उतरतं. मोकळ्या पाठीनं आपण पुढच्या शर्यतीला उभे राहता आणि आम्ही मात्र मुलाच्या शाळेच्या फीपासून खड्ड्यात मोडलेल्या स्कूटरपर्यंत सगळं वजन घेऊन तुमच्या मागं धावत असतो.

घोड्याला जो न्याय लागू आहे तो नेत्याला लागू व्हावा, एवढंच माझं मागणं आहे. निवडून जाण्याआधी काय वाहीन म्हणालात ते लिहून ठेवावं, पाच वर्षांनी पुन्हा काट्यावर यावं, आणि कमी भरलात तर पहिले येऊनही बाद व्हावं. यात मला गंमत करायची नाही. मी हे अगदी खरं मागतो आहे.

आपण म्हणाल, रेसकोर्स म्हणजे जुगार, त्याची कसली एवढी थोरवी? प्रश्न रास्त आहे. रेसच्या नादानं घरं बुडाली, हे गिरणगावात वाढलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. पगाराच्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत, नवरा सरळ घरी येतो की महालक्ष्मीला उतरतो हे पाहणाऱ्या. त्या बायकांची बाजू मी कधी सोडणार नाही. न्यायालयानं १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं. कायद्यापुरतं ते बरोबर असेल, पण रिकाम्या पाकिटाला कौशल्य कळत नाही.

तरीही नैतिकतेचा हा पाठ आपल्याकडून घ्यावा का, याचा मी विचार केला. राज्याची स्वतःची लॉटरी १९६९ पासून चालते. शर्यतीच्या पैजेवर आधी २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जुगार वाईट म्हणायचं, त्यातला वाटा घ्यायचा आणि त्याच कारणानं मैदानावर हक्क सांगायचा, हे तिन्ही एकाच तोंडानं करता येतं हे आपल्याकडूनच शिकलो. त्या करातून रेसच्या नादात बुडालेल्या एखाद्या घराला काय मिळालं, तेही आपण कळवावं.

आता शेवटचे आभार, आणि इथं माझ्याच्यानं हात जोडवत नाहीत.

१३ मे २०२४. घाटकोपरला छेडानगरजवळ वादळी वाऱ्यात एक जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. १७ माणसं गेली. पेट्रोल भरायला थांबलेली, पावसापासून आडोशाला उभी राहिलेली. परवानगी ४० फुटांच्या पलीकडे मिळत नाही, तो फलक १२० फूट रुंद आणि १२० फूट उंच होता. तो कुणाला दिसला नाही असं म्हणता येणार नाही, दिसण्यासाठीच तो बांधला होता. तो फलक व्यापारी जाहिरातीचा होता, आपल्या वाढदिवसाचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण बेकायदा फलक लावला तरी काही होत नाही, हे या शहराला कुणी शिकवलं? उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. त्यानंतरच्या प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक नियुक्तीला, प्रत्येक सणाला आपण दिव्याच्या खांबाखांबावर चढलात. महापालिकेच्या ज्या कामगाराला ते उतरवायला पाठवलं जातं, त्याला आपल्या मुलांकडून दम मिळतो. कायदा मोडायची सवय वरून खाली उतरते, साहेब. ती उतरत उतरत एका पेट्रोल पंपावर आली.

 १७ माणसं गेली, तरी काही दिवसांत बातमी मागं पडली.

आता नेमक्या मागण्या लिहितो. गोड बोलण्यात पान संपलं आणि मुद्दा राहिला असं व्हायला नको.

१२० एकरांत जमिनीच्या वर आणि जमिनीच्या खाली किती चौरस फूट बांधकाम होणार, हा आकडा द्यावा. ‘नगण्य’, ‘किमान’, ‘आवश्यक तेवढं’ असे शब्द आकडा म्हणून चालणार नाहीत. आराखडा आता निवडून आलेल्या सभागृहात मांडावा, प्रत्येक प्रभागात मराठीत लावावा आणि हरकती ऐकून घ्याव्यात. उद्यानात शिरायला तिकीट असणार की नाही, आज सांगावं. मोतद्दारांच्या आणि तबेल्यालगत राहणाऱ्या कुटुंबांच्या घरांचा निर्णय झाडं लावण्याआधी व्हावा. २०२३ पासून याच मैदानावर लोलापलूझासारखे मोठे संगीत महोत्सव भरतात. उद्यान झाल्यावर वर्षाचे किती दिवस जागा अशा कार्यक्रमांना भाड्यानं जाणार आणि ते भाडं कुठं जमा होणार, हेही लिहावं. आणि उद्यानाला नाव देण्याची घाई झाली असेल तर ती थांबवावी. आधी गवत उगवू द्या.

दिवंगत नेत्याचं नाव देऊन विरोधाचं तोंड बंद करण्याची युक्ती आम्हाला पाठ आहे. एकदा नाव लागलं की नाल्याबद्दल विचारणारा माणूसही त्या थोर पुरुषाचा शत्रू ठरतो.

रेसकोर्सच्या वाटेवर माझ्याबरोबर जे चालतात त्यांत निवृत्त शिक्षिका आहेत, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले बँकेतले गृहस्थ आहेत, पोलीस भरतीसाठी धावणारी वरळीच्या कोळीवाड्यातली पोरं आहेत. त्या पोरांना चारशे मीटरची सरळ, मऊ वाट या शहरात दुसरीकडे मिळत नाही. त्यांच्यापैकी एक मुलगी मला परवा म्हणाली, काका, इथं काम सुरू झालं की आम्ही कुठं धावायचं? मला उत्तर देता आलं नाही. ते आपल्याला माहीत असणार, कारण काम कधी सुरू होणार हे आपणच ठरवणार आहात. तेव्हा मागण्यांच्या यादीत तिचा प्रश्न सर्वांत वर घ्यावा, ही हात जोडून विनंती.

उत्तर लेखी पाठवावं. खाली सही असावी आणि तारीख असावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
मुंबई महापालिकेचा एक करदाता आणि मतदार